दातवाल्या मावशीचं विमान

"तोंड उघड," मावशी म्हणाली.

हे ती कुणालाही म्हणू शकते. मावशी दाताची डॉक्टर नाही, डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि नवा माणूस आत आला की सगळेच त्याला हसताहेत असं वाटतं. पण त्या दिवशी ती हे एका विमानाला म्हणत होती. नाकाजवळचं झाकण निघत नव्हतं.

"उघड म्हणते ना! हट्टी मेलं. मालकावर गेलंय."

मालक म्हणजे माझा मामा, तिचा धाकटा भाऊ. तो दारातल्या खुर्चीवर बसला होता. डावा हात मांडीवर ठेवलेला, आपला नसून कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

मामा बस चालवायचा. आठवड्याचे सहा दिवस बस आणि सातव्या दिवशी विमान, हे त्याचं आयुष्य. मैदानावर रिमोटवर उडणाऱ्या मोठ्या विमानांचा क्लब आहे. तिथे मामा उडवणारा आणि मावशी बनवणारी. जोडीच होती ती. मग एकदा गच्चीच्या शिडीवरून तो घसरला, खांद्यातली नस तुटली आणि डावा हात गेला. हात जागेवर आहे, फक्त कामावर येत नाही, असं तो स्वतःच सांगतो. बस सुटली. रिमोटला दोन दांड्या, दोन हात लागतात, म्हणून विमानही सुटलं. त्यानंतर तो मैदानाकडे फिरकलाच नाही.

"मी आता बघ्या," तो म्हणायचा. "आणि बघायलाही येत नाही."

हे मावशीला पटणं शक्यच नव्हतं. जबड्यात एकच दात उरला असला तरी त्याच्या आधाराने अख्खी कवळी बसवणारी बाई ती. तिने मामाचं जुनं विमान माळ्यावरून उतरवलं. साडेतीन मीटरचे पंख, अंग एखाद्या होडीएवढं. आणि ते कापायला घेतलं.

"ताई, ते चांगलं आहे गं! कशाला कापतेस?"

"चांगलं होतं ते दोन हातांच्या माणसाला."

पहिल्यांदा गेलं पेट्रोलचं इंजिन. ते सुरू करायला एका हाताने पंखा फिरवायचा आणि दुसऱ्याने विमान धरायचं. त्याच्या जागी तिने विजेची मोटर बसवली. इंजिन गेलं तसं नाक हलकं झालं, म्हणून बॅटरी पार पुढे सरकवली आणि दोन बोटांवर पंखाखाली विमान तोलून बघितलं. मान जराशी खाली झुकली. "हं, अशीच नम्र पाहिजे," मावशी म्हणाली.

मग पंख. जुने पंख सरळ, सपाट होते. तिने ते मधोमध जोडाशी कापले आणि टोकं वर उचलून पुन्हा जोडले, उघड्या पुस्तकासारखे. असे पंख असले की विमान वाऱ्याने कलंडलं तरी आपणहून सरळ होतं. दाताच्या कामातली करवत, दाताच्या कामातली कानस, आणि खोलीभर बाल्साच्या हलक्या लाकडाचा भुसा. एका डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "बाई, कवळीला लाकडाचा वास कसा येतोय?" मावशी म्हणाली, "नैसर्गिक आहे."

शेवटी तिने मामासमोर जमिनीवर दोन पेडल ठेवले.

"हे काय?"

"डाव्या हाताचं काम आता पाय करणार. उजव्या पायाखाली मोटरचा वेग. डाव्या पायाखाली शेपटीचं सुकाणू. चवडा दाबला की उजवीकडे वळतं, टाच दाबली की डावीकडे. उजव्या हातात एक दांडी, तिने वर-खाली जायचं आणि पंख कलते करायचे. बसून उडवायचं. मस्त खुर्ची नेऊ."

मामाने पेडलांकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"ताई, माझ्या डाव्या पायाला क्लच सोडून दुसरं काही येत नाही."

"शिकेल."

"त्याचं वय झालंय."

"माझ्या गिऱ्हाइकांकडे बघ. ऐंशीव्या वर्षी नव्या दातांनी चावायला शिकतात. तुझा पाय काय आकाशातून पडलाय?"

"शिडीवरून पडलाय," मामा म्हणाला, आणि मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "असले विनोद करू नका हो!"

मामीचा या सगळ्याला विरोध होता. विमानाला नाही, आशेला. "वन्सं," ती मावशीला म्हणाली, "रात्र रात्र छताकडे बघत काढल्यात त्यांनी. आत्ता कुठे पेपर वाचायला लागलेत, बाजारात जायला लागलेत. ते पडलं ना, तर विमान एकटं नाही पडायचं."

"माझं विमान पडत नाही," मावशी म्हणाली.

मामाने चवडा-टाच, चवडा-टाच करून बघितलं. शेपटीची उभी फळी आज्ञाधारकपणे इकडे-तिकडे हलत होती.

"एकदाच," तो म्हणाला. "एक चक्कर आणि उतरवायचं. जमलं तर जमलं. पडलं, तर परत या घरात कुणी मैदानाचं नाव काढायचं नाही. तूसुद्धा नाही, ताई. कबूल?"

"कबूल," मावशीने एका क्षणाचाही विचार न करता सांगितलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दाताच्या धंद्यात माणूस कायम समोर असतो. त्याचा उजवा तो तुमचा डावा. मावशीच्या डोक्यात ही अदलाबदल इतकी मुरली आहे की तिला कळतही नाही ती करतेय. आजवरची सगळी विमानंही तिने टेबलावर नाक आपल्याकडे करून बनवली होती. विमानाचा चेहरा दिसल्याशिवाय तिचा हात चालायचा नाही. पण हे धूड खोलीत एकाच बाजूने मावलं: नाक खिडकीला आणि शेपूट मावशीच्या स्टुलाकडे. पंखांच्या मागच्या कडेला एलेरॉन असतात, म्हणजे वर-खाली होणाऱ्या फळ्या. उजवी वर गेली की विमान उजवीकडे कलतं. त्यांच्या वायरी जोडताना मावशी विमानाच्या मागे बसली होती. म्हणजे तिचा उजवा तो विमानाचाही उजवाच. पण डोक्याने सवयीने अदलाबदल करून टाकली.

मैदानावर सकाळी ऊन कोवळं होतं आणि वारा बेताचा. क्लबचे प्रमुख लिफ्टची दुरुस्ती करतात, सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणतात. मामाला बघून त्यांनी टोपी काढली.

"या ड्रायव्हर! किती दिवसांनी. खुर्ची घेऊन आलात? भाषण आहे का?"

"भाषण ताई करणार. मी नुसता बसणार."

खुर्ची धावपट्टीच्या कडेला मांडली. रिमोट स्टँडवर, पेडल गवतात फळीवर पक्के. विमान पुढे, वाऱ्याकडे तोंड करून. लिफ्टवाल्यांनी शेपूट धरलं आणि नेहमीचं विचारलं, "बाई, फळ्या उलट-सुलट नाहीत ना? बघून घ्या."

"अहो, लोकांच्या तोंडात माझं काम जातं. उलटं बसलं तर माणूस उपाशी राहील." तरी तिने बघितलं. विमानाच्या मागे उभी राहिली आणि हाक दिली, "उजवी!"

मामाने दांडी उजवीकडे नेली. त्याची नजर पायांवर होती, बिचाऱ्याला पायांचीच धास्ती. डावी फळी वर गेली. मावशीच्या डोक्याने तिची उजवी केली.

"बरोबर! डावी? बरोबर! सोडा."

विमान पळालं. खरं सांगते, सुंदर पळालं. मामाचा उजवा पाय हळूहळू दाबत गेला, शेपूट उचललं, चाकं गवतावरून सुटली आणि ते पिवळं धूड असं वर चढलं की मामीने डोळ्यांवरचा हात बाजूला घेतला.

"चढतंय," मामा म्हणाला. हळू आवाजात. "ताई, चढतंय गं."

"मग? पोहायला सोडलंय का?"

झाडांच्या उंचीवर वाऱ्याने त्याला डावीकडे थोडं ढकललं. किरकोळ गोष्ट. मामाने दांडी उजवीकडे नेली. विमान आणखी डावीकडे कललं. मामाने आणखी उजवीकडे नेली. डावा पंख सरळ जमिनीकडे बोट दाखवायला लागला.

"ताई, ऐकत नाही!"

"दे ना उजवी!"

"दिली! पूर्ण दिली! उलटं जातंय!"

मावशीचे दोन्ही हात हवेत वर आले होते, ती विमानासारखीच कलली होती. आणि तिथे, हात हवेतच असताना, तिला कळलं. तिने स्वतःच्या दोन तळव्यांकडे बघितलं, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे.

"हात सोड!" ती ओरडली.

"काय?"

"दांडी सोड! हात काढ!"

"पडेल ना!"

"नाही पडणार! मी बनवलंय ते! सोड म्हणते ना!"

उडवणाऱ्या माणसाला पडणाऱ्या विमानाची दांडी सोडायला सांगणं म्हणजे उतारावर ड्रायव्हरला स्टिअरिंग सोडायला सांगणं. मामाची बोटं पांढरी पडली होती. विमान अर्धं आडवं, नाक खाली, समोर कुंपण. एकदा त्याने बहिणीकडे बघितलं.

आणि हात काढला.

दांडी टपकन मध्ये आली. एक क्षण काहीच झालं नाही. मग ते उघड्या पुस्तकासारखे पंख आपलं काम करायला लागले. खालचा पंख वर यायला लागला, आळसावून कूस बदलल्यासारखा. कुंपणावरून, झाडाच्या शेंड्याला जवळजवळ विचारून, विमान सरळ झालं.

"श्वास घे," मावशी म्हणाली. "तू पण घे गं," हे मामीला. "आता नीट ऐक. दांडी फक्त पुढे-मागे. आडवी नेलीस तर संपलं. वळायचं पायाने. चवडा."

"माझ्या पायाला..."

"चवडा, म्हातारड्या!"

मामाने चवडा दाबला. सुकाणू हललं, विमानाने नाक उजवीकडे वळवलं आणि पंख आपसूक मागोमाग कलले. मोठं, सावकाश, लग्नाला निघालेल्या बाईसारखं वळण.

"वळलं," मामा म्हणाला.

"टाच जरा. जरा म्हटलं! हां. आता सोड."

"सोडला. ताई, तू गप्प बस."

"काय?"

"गप्प बस. कळलं मला."

मावशी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. मामाने मैदानाभोवती पूर्ण चक्कर घेतली. दोन कोपऱ्यांवर जास्त वळलं, त्याने टाचेने सावरलं. उजवा पाय हळूच उचलत त्याने वेग कमी केला, प्रवाशांना धक्का न बसता बस थांब्याला लावतात तसा. चाकं एकदा टेकली, उडाली, पुन्हा टेकली आणि विमान गवतात जाऊन वाकडं उभं राहिलं. अखंड.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे मावशीकडे बघत होते, कारण ती सरळ लिफ्टवाल्यांसमोर जाऊन उभी राहिली होती.

"एलेरॉन उलटे जोडलेत. मी. तुम्ही विचारलंत, तेव्हाही मीच बरोबर म्हटलं. माझी चूक."

लिफ्टवाले काही बोलणार तेवढ्यात मामा म्हणाला, "म्हणजे मी आत्ता उलटं विमान उडवलं?"

"पंखांपुरतं उलटं," मावशी म्हणाली.

"पायाने?"

"पायाने."

मामा पेडलांकडे बघत राहिला. विमान कलंडलं तेव्हा मामीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तिने अजून काढला नव्हता. तिला वाटलं आता हा उठेल आणि म्हणेल, चला घरी. तो उठलाही. पण चालत गेला विमानाकडे, पायांना चिकटलेलं गवत झटकत. शेपटीमागे उभा राहिला.

"ताई, रिमोटवर बस. एलेरॉनची दिशा तिथूनच उलटवून टाक. आणि तू नाही बघायचं, मी बघणार."

मावशी निमूट खुर्चीत बसली, रिमोटच्या पडद्यावर बटणं दाबली.

"उजवी," मामाने हाक दिली. उजवी फळी वर गेली. त्याने ती डोळे बारीक करून बघितली, मग वाकून हाताने चाचपली, मग लिफ्टवाल्यांनाही बघायला लावली. "बरोबर. डावी. बरोबर. पुन्हा उजवी."

"किती वेळा?" मावशी.

"माझा विश्वास बसेपर्यंत."

"अहो, झालं ना एकदा?" मामी म्हणाली. "एकदाच म्हणाला होतात. चला, जेवायची वेळ झाली."

"तू हो पुढे," मामा म्हणाला. तो नाकाजवळचं झाकण एका हाताने उघडायचा प्रयत्न करत होता. "आम्हाला उशीर होईल. ताई, दुसरी बॅटरी भरलेली आहे ना?"

"तीन आहेत."

"मग आण की. बसलीस काय?"