मामांच्या पँटमधला राखीव इंच

माझे मामा शिंपी. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत हे त्याची कंबर नजरेनेच मोजून मोकळे. स्वतःच्या कमरेला मात्र त्यांनी कधी टेप लावली नाही. आपली पँट शिवताना मागच्या शिवणीत भरपूर जादा कापड ठेवायचं (शिंपी लोक त्याला माया म्हणतात) आणि पँट आवळायला लागली की गुपचूप उसवून सैल करायची. त्यामुळे मामांच्या हिशेबी त्यांचं पोट लग्नापासून जिथल्या तिथे होतं.

मग मोतीबिंदू झाला. सुईत दोरा मामी ओवून देऊ लागली. "घ्या, ओवली. आता शिवा तरी सरळ," हे वर ऐकवणं. ऑपरेशन ठरलं, पण रक्तदाब इतका चढलेला, की दोनदा तसंच परत पाठवलं.

"मास्तर, गोळ्या चालू ठेवा, पण पोट कमी करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोटाचा काय संबंध? ते बिचारं गप्प बसलंय."

"गप्प कुठलं! चरबी म्हणजे नुसतं गोदाम नाही, कारखाना आहे. तिथून हार्मोन रक्तात सुटतात. लेप्टिन नावाचं एक मेंदूला सांगतं, पुरे आता. चरबी वाढली की ते इतकं ओरडतं, की भूक आवरणारा कोपरा बहिरा होतो, पण दाब चढवणारे मज्जातंतू मात्र पेटलेलेच राहतात. चरबीतूनच सुटणारं आणखी एक द्रव्य रक्तवाहिन्या आवळायला, मीठ-पाणी अडवायला हातभार लावतं. मग दाब चढणारच."

"म्हणजे मला न विचारता आत दुसरंच दुकान चाललंय!" मामा भडकले.

"आणि जागा तुम्हीच वाढवून देताय," मामी म्हणाली.

हे लागलं. त्याच संध्याकाळी मामांनी आपल्या सगळ्या पँट उलट्या करून शिवणीपुरतं कापड सोडलं आणि बाकीची माया कात्रीने उडवली. आता उसवायला काही उरलंच नाही.

"मामा, श्वास घेता येतोय ना?"

"हसवू नकोस, बटण तुटेल."

दुपारचं लोळणं गेलं, चालणं आलं. मामीने मिठाचा हात आखडला, तेव्हा मामा ताटाकडे असे बघायचे जणू कुणी चुकीच्या मापाचा सदरा आणून दिलाय. पण हळूहळू बटण सहज लागू लागलं, दाब उतरला आणि ऑपरेशन एकदाचं पार पडलं.

डोळा बरा झाल्यावर मामांनी पहिल्याच फटक्यात सुई ओवली आणि मामीकडे बघून मिशीत हसले. मग ती नवी नजर माझ्याकडे वळली, नेमकी शर्टाच्या ताणलेल्या बटणावर थांबली.

"भाचेबुवा, उद्या तुमच्या पँट घेऊन या."

मामीने न सांगता कात्री पुढे केली.