एका दमात न मावलेला प्रोग्राम

तांडेलकाका प्रोग्राम मोठ्याने वाचायचे. कॉम्प्युटरसमोर उभं राहून, आरतीच्या खड्या आवाजात, एका दमात. दम संपला की म्हणायचे, "माझा श्वास संपला, तुझं काम संपलं नाय. तुकडे कर ह्याचे." बोटीवर वायरलेस सांभाळून निवृत्त झालेला हा पूर्णगडचा माणूस आमच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात माझ्या जोडीला कॉम्प्युटरवर आला आणि माझं सुख संपलं.

आज कुठली अढी फोडायची, पेंढ्यात रचलेले कुठले आंबे पिकले असतील, याची यादी माझा प्रोग्राम रोज सकाळी छापायचा. सातशे ओळी, एकसंध. तो माझ्याखेरीज कुणाला कळत नसे, म्हणून नोकरी पक्की, असं माझं गणित.

मग मळभ आलं. पिकायला दोन दिवस जास्त धरायचे होते. तो हिशोब मी तीन ठिकाणी लिहिलेला, बदलला दोनच ठिकाणी. यादीबरहुकूम अढी फोडली तर हिरव्यागार कैऱ्या! सुऱ्या घेऊन बसलेल्या बाया खिदळल्या. अढीवरच्या मुकादम शेवंतीबाई म्हणाल्या, "भाऊ, लोणचं घालायचं काय?"

शेठ मात्र हसले नाहीत. "चार दिवसांत नीट करा. कॉम्प्युटर एक नि माणसं दोन. पुढे एकालाच ठेवीन."

मी चिडून तुकडे केले. कॉम्प्युटरचा पडदा भरला की एक तुकडा. नावं 'भाग एक' ते 'भाग तीस'. काका कडाडले, "मेल्या, फणसाचे गरे सोडवायचे असतात. कलिंगडासारख्या फाका काय मारतोस?"

वर परीक्षेला शेवंतीबाई. काका त्यांना नुसती नावं वाचून दाखवायचे. "'भाग सात' म्हंजे काय गो?" "मला काय ठावं?" "नापास!" तीन दिवस माझा असा जाहीर पाणउतारा चालला. चौथ्या दिवशी काकांनी वाचलं : 'मळभाचे दिवस वाढव', 'अढी पिकली का बघ', 'यादी छाप'. शेवंतीबाई म्हणाल्या, "आणि नासके कोण काढणार?"

सातशे ओळींत मी तेच विसरलो होतो. लगेच 'नासके काढ' हा तुकडा जोडला.

यादी बरोबर आली, तेव्हा मी शेठसमोर उभा राहिलो. आता तो प्रोग्राम काकाही चालवू शकत होते. मला ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. काका म्हणाले, "पोराला ठेवा, शेठ. आता ह्याचं काम कुणालाही कळतं. माझी गरज नाय." त्यांनी पिशवी उचलली आणि गेले. त्या तीन दिवसांच्या पाणउताऱ्याने मी इतका वैतागलेलो होतो, की धड नमस्कारही केला नाही.

आजही मला न विचारता कुणी माझा प्रोग्राम उघडून परस्पर दुरुस्त केला, की तळपायाची आग मस्तकात जाते. मग वाटतं, माझा प्रोग्राम आता कुणालाही दुरुस्त करता येतो, हे काकांना कळवायला हवं होतं.