आईचा तांबडा पदर

इरकल लुगडं वाचायला मला आईनंच शिकवलं. बिदरच्या बाजारात ती नुसत्या पदरावरून बाई ओळखायची. तांबड्या पदरावर पांढरी जोंधळ्याची कणसं विणलेली दिसली, की ती सवाष्ण. वडील गेले आणि आईनं आपली सगळी इरकलं पेटीत घातली. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले देव घराबाहेर गेले होते. विधवेनं कणसांचा पदर घ्यायचा नाही, हा नियम मात्र घरातच ठाण मांडून बसला. त्याची मला चीड होती, अजून आहे.

माझं लग्न ठरलं. आमच्यात नवरी पांढरं नेसते. मादन हिप्परग्याच्या एका म्हाताऱ्या विणकर अण्णांना मी दोन लुगडी सांगितली, एक माझं, एक आईचं. अंग पांढरं, पदर तांबडा, कणसांचा. दोन्ही अगदी सारखी.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा आणायला गेले. माझं तयार होतं. आईचं अजून मागावर होतं, आणि पदर कोरा पांढरा! इरकलात पदराचे उभे दोरे वेगळे असतात. ते अंगाच्या दोऱ्यांना एकेक करून अडकवावे लागतात. अण्णांनी पांढरेच जोडले होते, तेही मायेनं.

"तिचे मालक न्हाईत ना अक्का? मग कणसं कशी घालू? लोकं नावं ठेवतील तिला."

"लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तोडा तो पदर."

"दोन दिसाचं काम हाय ते!"

"मी बसते दोरे धरायला."

अण्णा पुटपुटले, पण कात्री घेतली. दोन दिवस मी त्यांच्या हाताशी तांबडे दोरे धरून बसले. लग्नघरातली सगळी कामं तशीच पडली होती.

लग्नाच्या दिवशी आई ते लुगडं नेसली खरी, पण पदर गुंडाळून कमरेला खोचला. कणीस एकही दिसेना. मला रडूच आलं. ती पुढच्या रांगेत टेकते न टेकते तोच आत्या आली.

"वैनी, कामून पुढं बसलाव? मागं बसा की."

आई उठली. मला वाटलं, चालली. तिनं कमरेचा पदर सोडला, झटकला, डोक्यावरून घेऊन छातीवर नीट पसरला आणि परत तिथंच बसली.

"मागं बसले तर ही कणसं कुणाला दिसायची?"