बाटलीच्या तळाचे विरजण

सुश्रुत गुरुनाथ अष्टपुत्रे (१९८२–२०२४) हा जन्माने सांगलीचा, शिक्षणाने पुण्याचा आणि अखेरची अकरा वर्षे डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनचा रहिवासी. व्यवसायाने संगणक अभियंता. परंतु मित्रमंडळी त्याची आठवण काढतात ती त्याने घरी बनवलेल्या बिअरसाठी.

ती बिअर गाळलेली नसे. बाटलीच्या तळाशी फिकट साका बसलेला असे. तो साका म्हणजे जिवंत यीस्ट. सुश्रुत तो राखून ठेवी आणि पुढच्या खेपेत घाली. एकदाच आणलेली यीस्टची पुडी त्याने अशी सहा वर्षे जगवली होती.

सांगलीहून मुक्कामास आलेले वडील, निवृत्त मुख्याध्यापक गुरुनाथ, बाटली उजेडात धरून न्याहाळीत.

"अष्टपुत्र्यांच्या घराण्यातली पहिली हातभट्टी," ते म्हणत, "आणि तीही गढूळ. बाटल्या नीट धूत जा रे."

"मळ नाही तो, बाबा. विरजण आहे."

"उगाच दह्याला बदनाम करू नकोस."

सुश्रुतची पत्नी उर्मिला हसत असे. विरजणाची गोष्ट गुरुनाथांनी थट्टाच समजली.

फेब्रुवारीत आजाराचे निदान झाले आणि ऑगस्टात सुश्रुत गेला. शेवटची सहा बाटल्यांची खेप त्याने उर्मिलेच्या हातून भरून घेतली होती. "हे मरू देऊ नकोस," एवढेच त्याने मागितले, आणि तिने शब्द दिला. त्याच्या हातचे जिवंत असे आता तेवढेच उरले होते.

महिना झाल्यावर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, स्नेही आठवणीसाठी जमले. अपेक्षेहून माणसे अधिक आली. सहाही बाटल्या उघडाव्या लागल्या. उर्मिलेने हात न हलू देता बिअर ओतली, प्रत्येकीच्या तळाशी साका राखला आणि झाकून बाटल्या ओट्यावर ओळीने ठेवल्या. सुश्रुतचा मित्र सारंग दुसऱ्या दिवशी तो पुढच्या खेपेसाठी न्यायला येणार होता.

सकाळी मुलीला शाळेत सोडून ती परतली, तेव्हा मुलगा गेल्यापासून तिथेच राहिलेले गुरुनाथ बाह्या सावरून सिंकपाशी उभे होते. सहा बाटल्या टॉवेलवर पालथ्या घातलेल्या होत्या.

"सुश्रुतच्या बाटल्या घाणेरड्या कशा ठेवायच्या?" ते म्हणाले. "तळाचा थर निघता निघेना. सोडा घातला, उकळतं पाणी घातलं, तेव्हा कुठे सुटला." मग नजर न उचलता म्हणाले, "त्याच्या दुखण्यात माझ्या हातून काही झालं नाही. म्हटलं, एवढं तरी."

उर्मिलेने एक बाटली खिडकीकडे धरली. काच आरपार दिसत होती.

"छान निघाल्यात, बाबा."

"वास राहिलाय का बघ."

"नाही. काही राहिलं नाही."

दुपारी सारंग बरणी घेऊन आला. तिने दारातच त्याला हळू आवाजात सांगितले. त्याने आत, पेपर वाचत बसलेल्या गुरुनाथांकडे पाहिले.

"ग्रँड, वहिनी," 'हरकत नाही' या अर्थाचा तिकडचा शब्द वापरून तो म्हणाला. "दुकानातून दुसरी पुडी आणू."

"ती सुश्रुतची नसेल."

"नसेल," सारंग म्हणाला. "पण काकांना काही बोलू नका."

पुढे बिअर बनवण्याची सारी उपकरणे सारंगकडे गेली. त्याची पहिली खेप उत्तम उतरली. डिसेंबरात गुरुनाथ सांगलीस परतले. धुतलेल्या बाटल्या उपयोगी पडल्या का, हे ते फोनवर अजून विचारतात. पडल्या, असे उर्मिला सांगते. सुश्रुतला दिलेला शब्द मात्र तिच्याकडून पाळायचा राहूनच गेला आहे.