दोन अक्षरं आणि एक पासपोर्ट

आखातात उतरून मुहर्रकच्या विमानतळावरून मनाम्याला जाताना समुद्रावरच्या पुलावरच टॅक्सीचा एसी बंद पडला आणि पुण्यापासून साठवलेला राग मी बिचाऱ्या ड्रायव्हरवर काढला. सोव्हिएत युनियन मोडल्यापासून माझ्या रशियनला कुणी विचारत नव्हतं. आता दापोलीच्या इब्राहिमभाईंनी मनाम्याच्या सूकमधल्या (जुन्या बाजारातल्या) आपल्या कापडदुकानात पंधरा दिवस दुभाषा म्हणून बोलावलं होतं.

त्यांनी पुढ्यात खबूस (जाड रोटी) आणि डाळ ठेवली. "सर, आधी जेवून घ्या. रशियन बायका दुपारी येतात."

आल्या त्या रशियन नव्हत्या. ऐगुल किर्गिझस्तानातली गणिताची शिक्षिका. पगार थांबला म्हणून कापड न्यायला आलेली. सोबतीण तातार. मीही त्यांना रशियन म्हणालो, तशी ऐगुलने बिलामागे दोन अक्षरं लिहिली: он, म्हणजे 'ओन'.

"रशियनमध्ये 'तो'. आमच्यात 'दहा'. हिच्या भाषेत 'पीठ', मंगोलियात 'वर्ष'. लिपी एक दिली म्हणून आम्ही एक झालो का?"

वीस वर्षं रशियनवर पोट भरून मला यातला एकच अर्थ ठाऊक होता. लाज वाटली.

ती जायच्या दिवशी दुपारी धावत आली. लॉजवाला पासपोर्ट देत नव्हता. विमान संध्याकाळचं, व्हिसाही त्याच दिवशी संपत होता. मी तिच्याबरोबर गेलो.

मॅनेजर सावंत ठाण्याचा निघाला. "अहो, तुम्ही कुठे या भानगडीत पडताय? मागे एका रशियन बाईपायी इथे पोलीस आले होते. अरबाब (मालक) उद्या येणार, तोवर पासपोर्ट मफी (नाही). सगळ्या बाजारबसव्या. सांगा तिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती किर्गिझ आहे. शिक्षिका आहे."

"असेल. सगळ्या सारख्याच."

मी ऐगुलकडे वळलो आणि रशियनमध्ये म्हणालो, "मालक बाहेर गेलेत. जरा थांबावं लागेल."

आयुष्यभर हेच केलं होतं. कारखान्यात रशियन इंजिनिअर शिव्या घालायचा आणि मी सांगायचो, साहेब जरा नाराज आहेत. दोन्हीकडून चहा मिळायचा.

ती पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. मी सावंतशी मराठीत कडाकडा भांडत राहिलो आणि तिला वाटलं, काहीतरी ठरतंय. दोन तास गेले. तिच्या विमानाची वेळ टळली. मग मी इब्राहिमभाईंना फोन केला. ते पोलिसाला घेऊनच आले आणि पाच मिनिटांत पासपोर्ट टेबलावर आला.

"सर, हे मला दुपारीच सांगायचं होतंत," ते म्हणाले.

ऐगुलने विचारलं, "तो नेमकं काय म्हणाला होता? शब्दन् शब्द सांगा."

मी सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे तेव्हाच कळलं असतं, तर मी स्वतः पोलिसांत गेले असते. शिवी मला दिली होती. तुम्ही का ठेवून घेतलीत?"

मी निघालो तेव्हा इब्राहिमभाई अजून तिच्या व्हिसासाठी खेटे घालत होते. पुण्यात बायकोने विचारलं, "कशी होती तिथली माणसं?" मी सावंतला मनसोक्त शिव्या घातल्या. अजूनही घालतो, त्याची लायकीच ती आहे. पासपोर्ट त्याने अडवला हे खरं. पण दोन तास तिला त्या खुर्चीत मी बसवलं.