पौषातला उन्हाळा

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनचंच आहे हे. जेवतानासुद्धा मी दोनदा उठते, एकदा मीठ आणायला आणि एकदा काही कारण नसताना. अशा बाईला तासन् तास विमानात पट्ट्यानं बांधून बसवलं तर काय होईल, तुम्हीच समजून घ्या. शेजारचा माणूस झोपायचा आणि मी त्याच्या गुडघ्यांवरून जा-ये करायची. शेवटी तोच उठला आणि हात जोडून म्हणाला, "आंटी, आप इधर किनारे पे बैठ जाइए."

लेक ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. तिचं पहिलं बाळंतपण. तिला माहेरी येणं जमत नव्हतं, म्हणून माहेर उठून तिच्याकडे गेलं, म्हणजे मी गेले. याला आता काही वर्षं झाली. मोहगावच्या बाजूला आमचा संत्र्याचा बगीचा आहे, तो माझे दीर स्वतःच्या बगीच्यासोबतच पाहतात. दिवाळीच्या तोंडावर घराची किल्ली जावेकडे दिली, जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाऊन आले, देवाला म्हटलं, लेकीची सुटका नीट होऊ दे आणि माझं तिकडे निभू दे. पहिलं त्यानं चांगलं ऐकलं.

तिथल्या विमानतळावर उतरल्यावर एक कुत्रं येऊन माझ्या बॅगपाशी बसलं. मी सवयीनं "हाड" म्हटलं. ते हललं नाही. त्याच्या मागची वर्दीतली पोरगी हसली आणि बॅग उघडायला लावली. बाळंतिणीसाठी नेलेलं सामान होतं सगळं. गोडंबी, डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा. जावयानं आधीच बजावलं होतं की जे असेल ते खरं सांगायचं, म्हणून दंड नाही झाला, पण अळीव आणि बाळंतशेपा त्यांनी ठेवून घेतला. त्यातून काही उगवलं तर, अशी त्यांना भीती. मी म्हटलं, बाई, बाळंतिणीच्या पोटात काय उगवते! तिला काही कळलं नाही आणि कळलं असतं तरी तिनं दिलं नसतं.

नात झाली. गोरीगोमटी, भरपूर जावळ. तिला तेल लावणं, न्हाऊ घालणं, लेकीचं खाणंपिणं यात सकाळ जायची. दुपार मात्र जात नव्हती. बाळ झोपायचं, लेक झोपायची, जावई कामावर, आणि बाहेर रस्त्यावर माणूस नाही. आमच्याकडे दारातून पाय बाहेर टाकला की निदान तीन जण विचारतात, "कुठं चालल्या जी काकू?" तिथं मी कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची, परत जाऊन यायची, एका घरासमोरच्या बुटक्या भिंतीवर टेकायची. त्या घरातून कोणीतरी पडदा बाजूला करून पाहिलं, तेव्हा लेकीनं सांगितलं की लोकांच्या भिंतीवर बसायचं नसतं.

"मग कोठी बसू?"

"आपल्या घरात बस ना, आई. सोफा आहे एवढा मोठा."

सोफ्यावर मी बसायची आणि तो मऊ सोफा मला गिळायला लागला की उठायची. मग भाऊजींना फोन. माझी दुपार म्हणजे त्यांची सकाळ, चहा पिऊन राहिले असायचे.

लेकीच्या मनात काय होतं ते तिनं लवकरच सांगितलं. तिची सुटी मार्चमध्ये संपणार आणि माझं तिकीटही मार्चचंच. पण व्हिसा वर्षाचा होता. मी आणखी राहिले तर बाळ घरातच राहील. नाही राहिले तर पाळणाघर. तिथं जागा मिळणं कठीण, एका ठिकाणी नाव लावून ठेवलं होतं, आणि त्यांना हो की नाही ते फेब्रुवारीपर्यंत कळवायचं होतं.

"एवढूशा लेकराले परक्या बायांजवळ ठेवू का, आई?" असं ती विचारायची आणि माझ्या तोंडाकडे पाहायची.

मी म्हणायची, "पाहू."

खोटं कशाला बोलू, मला तिथं काही कमी नव्हतं. जावई तर असा की मी उठायच्या आत चहा. नातीचा लळा तर विचारूच नका. तरी माझा जीव कशात लागत नव्हता, आणि का लागत नाही हे मलाही सांगता येत नव्हतं.

पलीकडच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. इटलीकडची, लग्न होऊन कधीकाळी बोटीनं इकडे आलेली. डिसेंबरात ती दुसऱ्या शहरी लेकाकडे महिनाभरासाठी निघाली आणि झाडांना पाणी घालायचं काम लेकीला सांगून गेली. लेकीनं ते मला दिलं. मला तर सोन्यासारखं काम मिळालं. मागच्या अंगणात टमाटे, वांगी, कसलीकसली फुलं, आणि भिंतीपाशी एक संत्र्याचं झाड! मी त्या झाडाला हातच लावून आले आधी. आपल्यापेक्षा पान थोडं जाड, पण संत्रंच.

आता संत्रेवाल्याला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या वेळचा फुलोरा, घ्यायचा तर पौषाच्या थंडीत आम्ही झाडाचं पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की अंगभर फुलतं. त्याच आठवड्यात भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, आजपासून ताणावर टाकला बगीचा."

मी त्या म्हातारीच्या झाडाकडे पाहिलं. त्याला बोराएवढी हिरवी फळं लागलेली. मला वाटलं, काय हे बेवक्ताचं फळ! बिचारीला कोणी सांगणारं नाही. हा बहार गळून जाऊ द्यावा आणि चांगला धरावा. मी आळं उकरून मोकळं केलं, आजूबाजूच्या टमाट्या-वांग्यांना रोज पाणी घातलं आणि संत्र्याला थेंब दिला नाही. ती परत येईल तेव्हा झाड पांढरंशुभ्र फुललेलं पाहून कशी चकित होईल, याचा विचार करून मी मनातल्या मनात हसायची.

मग गरम वारा सुटला. आमच्या चैत्र-वैशाखातल्यासारखा. मी डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन पाणी घालायला जायची. एक दिवस लेक बाळाला खांद्यावर घेऊन माझ्यामागे आली आणि थबकली.

"आई, ह्या झाडाले काय झालं?"

"ताण देऊन राहिली."

"काय?"

"ताण. पौष आहे ना व. फुलते तेव्हा पाहजो तिचा चेहरा."

लेक बागायतदाराच्या घरची. तिला ताण सांगावा लागत नाही. तिनं झाडाखालची गळालेली फळं पाहिली, वाळून गुंडाळलेली पानं पाहिली, आणि मग माझ्या डोक्यावरचा ओला दुपट्टा पाहिला.

"आई, तुले ऊन लागून नाही राहिलं का?"

"लागून राहिलं ना. म्हणून तर हे घेतलं."

"मग? इथं पौष कुठं आहे? इथं वैशाख चालू आहे! फळावरच्या झाडाचं वैशाखात पाणी तोडते का कोणी?"

मी उभीच राहिले. मला आधी हसू आलं, आणि मग पायाशी गळालेली फळं दिसली. इतके दिवस मी घाम पुसत होते, पंख्याखाली झोपत होते, आणि पौष म्हणून पाणी तोडत होते! दोन्ही गोष्टी माझ्याच अंगावर होत्या, पण एकीची दुसरीशी गाठ पडली नव्हती.

लेक मात्र हसली नाही. "काकांनं तिकडे पाणी बंद केलं की इकडे तुहा हात थांबते. तू तर इथं आलीच नाही अजून. एक डाव सांगून दे, आई, राहून राहिली का जाऊन राहिली?"

"पाहू म्हटलं ना."

"पाहू पाहू करता जागा निघून जाईन! मले त्यायले कळवायचं आहे." आणि बाळाला घेऊन ती आत निघून गेली. दार जरा जोरानंच लागलं.

मी त्या संध्याकाळपासून झाड सावरायला घेतलं. एकदम भरपूर पाणी दिलं तर ते आणखी बिघडतं, म्हणून आधी हलकं, मग जरा जास्त. आळं पुन्हा भरलं, वर कापलेल्या गवताचा थर दिला. काही फांद्या धरल्या, काही गेल्या. फळ मात्र मोजकंच उरलं.

म्हातारी आली तेव्हा मी म्हटलं, मीच सांगते. कोणत्या भाषेत सांगणार, तर तिचा हात धरून झाडापाशी नेलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. बाकीचं लेकीनं इंग्रजीत सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि इंग्रजी सोडून तिच्या गावच्या बोलीत जी सुरू झाली! मी मान खाली घालून ऐकलं. शब्द कळले नाहीत, पण शिव्या कुठं संपल्या आणि नुसता जीव कुठं जळून राहिला, ते कळत होतं.

काही दिवस ती दिसली नाही. मग एका सकाळी तिनं भिंतीवरून हाक मारली, मी गेल्यावर पाण्याचा पाइप माझ्या हातात दिला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जशी ती मालकीण आणि मी बाई लावलेली. मी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी परत. मग तिनं एक खुर्ची आणली, मग दोन. मी वऱ्हाडीत बोलायची, ती तिच्या बोलीत. मी जावेच्या तक्रारी सांगितल्या. ती कोणाच्या सांगत होती देव जाणे, पण सूनच असावी, कारण सांगताना आवाज खाली करायची. त्या खुर्चीवर मी पाऊण-एक तास बसत होते, न उठता. लेक स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची.

"आता तर मैत्रीण पण झाली तुही," ती म्हणाली. "राहा आता."

मी जवळपास हो म्हणणार होते. पण त्याच दुपारी भाऊजींचा फोन आला. "वहिनी, बगीचा फुलला. वास पार सडकेवर येऊन राहिला. तुम्ही राहा आरामात, इकडची काळजी नोका करू."

हे त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं. बगीचा माझ्यावाचून अडला नव्हता, कधी अडणारही नव्हता. पण मी फोन ठेवला आणि ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत फिरत राहिले. तिकडे माझी गरज नाही आणि इकडे आहे, मग पाय तिकडेच का ओढतात? बाळ उठलं, रडायला लागलं, मी त्याला घेतलं, आणि घेऊनही फिरतच राहिले.

आता लेकीला जाते म्हणून सांगूनच टाकायचं, असं ठरवून एक दिवस सकाळपासून मी शब्द जुळवत होते. ती बाळाचे झबले घडी करत बसली होती. मी तोंड उघडणार तर तीच म्हणाली, "आई, मी हो म्हणून कळवून टाकलं."

"कोणाले?"

"पाळणाघराले."

"मले न विचारता?"

"विचारूनच तर राहिली होती इतके दिवस."

मला जे हवं होतं तेच झालं होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे मी नको का तुले?"

तिनं झबला खाली ठेवला. "नको कोण म्हणते? पण तू फोन ठेवला की कशी फिरतं ते मी पाहत नाही का? मी हे लेकरू सांभाळू का तुह्या चकरा मोजू?"

मग आम्ही दोघी हसलो. मग ती रडली. मी नाही रडले, मी उठून चहा ठेवला.

पहिल्या दिवशी पाळणाघरात सोडायला मीही गेले. तिथल्या एका जाडजूड, हसऱ्या पोरीनं हात पुढे केले. मला वाटलं आता बाळ अंगाला चिकटेल, रडेल, मग मी म्हणेन राहू दे, मी आहे ना. ते तर त्या पोरीच्या गळ्यातल्या मण्यांची माळ धरून आत गेलंसुद्धा. आम्ही दोघी दारात.

लेक गाडीत येऊन बसली, पट्टा लावला आणि दोन्ही हात चाकावर ठेवून समोर पाहत राहिली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला.

"चाल माय, काढ गाडी. हापिसाले उशीर होऊन राहिला."

"तू जाशीन मग?"

"हाव."

"परत येशीन?"

"बाप्पा! आधी जाऊ तर दे."

तिनं नाक पुसलं आणि गाडी काढली.