सातव्या फोटोतली कोळीण

आयुष्यभर त्यांनी लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढले, म्हणून गल्लीने त्यांचं नावच ठेवलं फोटोमामा. दुकान बंद केल्यावर बायकोने बजावलं, "दिवसभर माझ्या पायात पायात येऊ नका. काहीतरी उद्योग शोधा."

उद्योग मागच्या कुंपणात सापडला. मोहरीएवढी एक कोळीण, इवलंसं गोल जाळं. मामा रोज सकाळी कोपरं टेकून तिच्यापुढे आडवे व्हायचे. तिने कात टाकली, माशी गुंडाळली, सगळं त्यांनी टिपलं.

"माझा कधी इतक्या जवळून फोटो काढलात?" बायकोने विचारलं.

"तू हलतेस," मामा म्हणाले.

वाचनालयाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं. पाटीही रंगवून झाली : 'एकाच कोळिणीचं आयुष्य'. आणि त्याच आठवड्यात जाळं रिकामं झालं. सहा फोटो झाले होते; अंडी घालण्याचाच राहिला होता.

शेजारच्या बाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीशी बसून असायच्या. त्यांच्या गजांत तश्शीच एक कोळीण होती, पोट टम्म फुगलेली. बाई डॉक्टरकडे गेल्या त्या दुपारी मामांनी काचेच्या बरणीत ती उचलली आणि आपल्या कुंपणात सोडली. चौथ्या दिवशी तिने पानाखाली अंड्यांचा पिवळसर कोष विणला. मामांना हवा तो फोटो मिळाला. पुढे आठवड्याभरात ती मेली.

प्रदर्शनात लोक म्हणाले, "काय चिकाटी मामांची!" मामा हात जोडत राहिले. मग काठी टेकत बाई आल्या आणि सातव्या फोटोपुढे थांबल्या.

"हिचा मागचा डावा पाय अर्धाच आहे."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या खिडकीतलीचाही असाच होता हो. मला वाटलं, पाखराने नेली."

बाईंच्या बोलण्यात संशयाचा लवलेशही नव्हता, आणि तेच मामांना जास्त लागलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "असेल, असेल."

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. झाल्या गोष्टीकडे काणाडोळा करणंही जमेना. तिसऱ्या दिवशी ते बाईंच्या दारात उभे राहिले.

"बाई, ती तुमचीच. मी चोरली."

बाई म्हणाल्या, "दिवसभर तीच होती हो सोबतीला. मागितली असतीत तर बरणीचं झाकण मीच धरलं असतं."

मामा तडक वाचनालयात गेले आणि पाटीवर स्वतःच्या हाताने लिहिलं : 'सातव्या फोटोतली कोळीण दुसरी आहे. शेजारच्या बाईंच्या खिडकीतून न विचारता आणलेली.' ग्रंथपाल म्हणाला, "कशाला मामा, कुणाला कळणार होतं?" लोक आता फोटोआधी ती ओळ वाचत आणि मामांकडे बघत. मामा प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच बसून राहिले.

थंडी सरल्यावर कोष फुटला. बाईंना बोलवायला मामा दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी बायकोनेच हाक मारली. बाई खुर्ची टाकून कुंपणाशी बसल्या. शेकडो पिवळे ठिपके पानाखाली गोळा झाले होते.

"काढा की फोटो," बाई म्हणाल्या.

मामांनी काढले. बाईंच्या नजरेला नजर काही त्यांना देता आली नाही, आणि त्या दिवशीचा एकही फोटो धड आला नाही.